पाचव्या वाटीतलं दही

"झाडून पाह्य माही पिशवी. तुह्या हातानं झाड."

माझी जाऊ शांता असं म्हणाली आणि कुणी पुढं यायच्या आत तिनं स्वतःच पिशवी ओसरीवर उलटी केली. चष्मा पडला, तंबाखूची डबी पडली, सुतळीचा गुंडा, आधार कार्डाची झेरॉक्स आणि एक वाळकं लिंबू. माझी सून प्रांजली तिच्यासमोर उभी होती. ती म्हणाली, "काकू, पिशवीत काही नाही ते मलाही माहीत आहे. पंप तुमच्या पोत्याखाली सापडला. तो तिथं चालत गेला का, एवढंच मला सांगा."

माझी सात वर्षांची नात परी दारात बसून ऐकत होती. दम्याचा पंप तिचाच, भांडणही तिच्यावरूनच. दोन दिवसांपूर्वी भर दुपारी तिचा दम कोंडला आणि निळा पंप जागेवर नव्हता. तो शोधण्यात दहा मिनिटं गेली. ज्याला श्वास येतो त्याला दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही.

मी मेथीची जुडी बांधत होते. मान वर केली नाही.

* * *

हे भांडण कुठं थांबलं ते सांगते, पण त्याच्याआधी थोडं मागं जावं लागेल.

मेडशीला रस्त्याला लागून आमची दीड एकर बागायत आहे, बाकी सोयाबीन आणि तूर. मेथी, पालक, सांभार दुपारी उपटून आणायचा (सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर), ओसरीत पोत्यावर बसून जुड्या बांधायच्या आणि सकाळी माझा मुलगा गजानन त्या मालेगावच्या बाजारात नेतो. जुड्या बांधायला आम्ही तिघी: मी, माझी धाकटी जाऊ शांता आणि प्रांजली. शांताचं घर वेगळं, पण ओसरी आमची एकच. हात कामात, तोंडं मोकळी. त्यामुळं किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. जुडीतून गळालेल्या पाल्यासारखे ते पायाशी साचतात आणि झाडायला घेतलं की टोपलंभर निघतात.

गेल्या काही वर्षांत आमच्या टोपल्यात जे निघालं ते बहुतेक एकाच गोष्टीवरचं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंवरचं.

* * *

माझं शिक्षण दुसरी. वाचायला मी शिकले ती औषधांच्या डब्यांवर.

झालं असं, की आमच्या मालकांनी एकदा वाढीचं औषध समजून तणनाशक आणलं आणि उभ्या मेथीवर मारलं. तीन दिवसांत वाफे पिवळे. मालक म्हणाले, दुकानदारानं दिलं. दुकानदार म्हणाला, डब्यावर लिहिलेलं होतं. मी म्हटलं, मग आजपासून डबा मी वाचणार.

दोन वर्षं लागली. गजाननच्या पुस्तकातलं अक्षर डब्यावरच्या अक्षराशी ताडून पाहायचं, जुळलं की पुढचं. मग एक दिवस वाशीमला औषधाच्या दुकानात गेले, तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "बाई, तुमाले काय समजते त्यातलं? माणसाले पाठवा." मी डबा हातात घेतला आणि नावापासून बॅच नंबरपर्यंत, विषबाधा झाल्यास काय करावं त्यासकट, सगळं मोठ्यानं वाचलं. दुकानात आठ-दहा शेतकरी होते. शेवटी मुदत कधी संपली ती तारीख आली.

ती मी दोनदा वाचली.

तेव्हापासून माझी खोड आहे. लिहिलेलं दिसलं की वाचायचं, वाचलं की सांगायचं, सांगितलं की मागं हटायचं नाही. पहिल्या दोन खोडींनी माझं भलं केलं.

* * *

आमच्या गल्लीत विरजण फिरतं असतं. एकीचं दही बिघडलं की दुसरीकडून वाटीत आणायचं. नियम एकच: दिवे लागले की विरजण कुणाला द्यायचं नाही, घरातली बरकत त्याच्याबरोबर निघून जाते म्हणतात. मी यातलं काही मानत नाही. देत मात्र नाही.

शांताच्या म्हशीचा सड सुजला. जनावरांचे डॉक्टर आले आणि सडात औषधाची ट्यूब सोडून गेले. दुसऱ्या दिवसापासून शांताचं दही लागेना. माझ्याकडून विरजण नेलं, नाही लागलं. परत नेलं, सकाळी दूध जसंच्या तसं. तिसऱ्या दिवशी ती ओसरीत येऊन म्हणाली, "बाई, तुमी मले दिवे लागल्यावर देल्लं. मुद्दाम."

दोन दिवस आमचं बोलणं बंद. जुड्या बांधत होतो, पण पाठीला पाठ लावून.

मला चैन पडेना. उकिरड्यावरून त्या ट्यूबचा रिकामा खोका उचलून आणला आणि वाचला. त्यात होतं, औषध जंतूंचा नाश करतं आणि अमुक दिवस ते दूध वापरू नये. डॉक्टर परत आले तेव्हा मी विचारलं, सडाच्या औषधाचा दह्याशी काय संबंध? ते म्हणाले, "आजी, दही लावतात तेबी जंतूच. औषधाले काय माईत, कोणता चोर अन् कोणता पाहुणा?"

मी तिथंच पायरीवर बसले. पन्नास वर्षं रोज दही लावतेय, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शांताला सांगितलं तर तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे इतके वर्स आपुन जंतू पाळून राह्यलो?"

"पाळून नाई," मी म्हटलं, "खाऊन."

त्या दिवशी तिनं शेजारून दही आणून कढी केली होती. ती तशीच म्हशीपुढं ठेवली.

* * *

परी झाली ती ऑपरेशननं, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी. अकराव्या महिन्यात तिला न्यूमोनिया झाला, आणि त्यानंतर दर थंडीत तिची छाती वाजायला लागली. चौथ्या वर्षी वाशीमच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी दमा आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून घरात दोन पंप. एक रोजचा, तो प्रांजली तिच्या खोलीत ठेवते आणि सकाळ-संध्याकाळ स्वतः देते. दुसरा निळा, अडचणीचा. दम लागला की लगेच द्यायचा. तो ओसरीत खुंटीवरच्या कापडी पिशवीत असतो, कुणाच्याही हाताला यावा म्हणून.

प्रांजली अकोल्याची, डी.एड. केलेली, शहाणी पोरगी. पण ती घाबरली, आणि घाबरलेलं माणूस धूत सुटतं. तिनं फरशी धुतली, खेळणी धुतली, दाराच्या कड्या धुतल्या. परीला अंगणात जायची बंदी, गोठ्यात तर नावच नको. मी परीला जवळ घ्यायला गेले की आधी माझ्या हातावर सॅनिटायझर.

अशात एकदा आमचं दही बिघडलं. शांताकडून विरजण आलं. वाटी शांताच्या घरची, शांताचे हात म्हशीचे. प्रांजलीनं विचार केला आणि ते विरजण उकळत्या दुधात टाकलं, वर आणखी पाच मिनिटं उकळलं. आत काही जंतू असले तर मरून जावेत म्हणून.

सकाळी पातेल्यात पाणी एकीकडं आणि चोथा एकीकडं. मी विचारलं, काय केलं? तिनं सांगितलं. मी म्हटलं, "मेले ना मग जंतू. आता दही कोण लावीन, तू?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, पातेल्याकडं पाहिलं आणि हसत सुटली. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. माझ्यासमोर ती एवढं हसलेली मी प्रथमच पाहिली. त्या दिवशी तिनं परीला अर्धा तास अंगणात सोडलं.

* * *

मग माझं डोकं चालायला लागलं. औषधानं म्हशीच्या दुधातली बारकी मंडळी मरते, तर लेकराच्या पोटातली का नाही मरणार? परीला सर्दी झाली की गुलाबी औषधाची बाटली, कान दुखला की बाटली. कधी डॉक्टरनं दिलेली, तर कधी मागच्या वेळची फडताळात उरलेली. ती उरलेली देणारी बहुतेक वेळा मीच असायचे, हेही सांगून टाकते.

गजाननचा जुना मोबाईल माझ्याकडं आहे. त्यावर वाचत गेले. माणसाच्या आतड्यात या मंडळींची अख्खी वस्ती असते म्हणे, ऑपरेशननं झालेल्या लेकरात ती बरेचदा विरळ भरते, आणि लहानपणी विरळ राहिली तर पुढं दमा, ॲलर्जी, अंगावर चट्टे असलं व्हायची शक्यता वाढते. मी दोन दिवस जेवताना आपल्याच पोटाकडं बघत होते. आत एवढा गाव वसलाय, आणि आपण पाटलीण आहोत याची आपल्याला खबर नाही.

पण मोबाईलवरचं मी तसंच गिळत नाही. पाच वाट्या मांडल्या. सगळ्यांत आमच्या म्हशीचं कोमट दूध आणि एकेक थेंब विरजण. पहिली साधी. दुसरीत दूध उकळतं घेतलं, प्रांजलीच्या पद्धतीनं. तिसरीत शांताच्या म्हशीचं, कारण तिला पुन्हा ट्यूब सोडलेली होती. चौथीत परीच्या ॲन्टिबायोटिकच्या गुलाबी बाटलीत उरलेले दोन थेंब. आणि पाचवीत, दूध-विरजण घालून झाल्यावर, निळ्या पंपाचा एक फवारा मारला. पंप हेही औषधच. तोही मंडळीला मारत असणार, अशी माझी खात्री होती.

सकाळी परीसमोर झाकणं काढली. पहिलीत दही. दुसरी बिघडलेली, तिसरी पातळ, चौथी पातळ. माझा ऊर भरून आला. मग पाचवी उघडली.

पाचवी पहिलीपेक्षा घट्ट लागली होती. सुरी मारली असती तर वडी पडली असती.

मी वही उघडली, पेन उघडलं, आणि पाचव्या वाटीपुढं काहीच न लिहिता दोन्ही बंद केलं. तेवढ्यात शांता भाकरी घेऊन आली आणि समोर दिसली ती वाटी उचलून चटणीबरोबर खाऊन मोकळी झाली.

"गोड हाय," ती म्हणाली. "ह्यात काय घातलं व्हतं?"

"काई नाई," मी म्हटलं.

* * *

उरलेल्या चार वाट्या डब्यात घालून मी एस.टी.नं वाशीम गाठलं. कंडक्टरनं विचारलं, मांडीवर एवढं जपून काय धरलंय? मी म्हटलं, पुरावा. 

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना स्टँडच्या समोरच आहे. त्यांनी चारही वाट्यांत चमचा घालून पाहिला, आधी हसल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे.

"आजी, तुम्ही बरोबर रस्त्याला लागलात. आपल्या शरीरात पहारेकरी असतात. लहानपणी पोटातले हे जंतू त्यांना शिकवतात, कोण परका आणि कोण आपला. ही शिकवणी नीट झाली नाही, तर पहारेकरी साध्या धुळीवरही काठी घेऊन धावतो. छातीत सूज येते, नळ्या आवळतात. जनावरांत, मातीत वाढलेल्या मुलांना हा त्रास कमी दिसतो, असं संशोधन करणारे म्हणतात. म्हणून गरज नसताना ॲन्टिबायोटिक देऊ नका, मुलीला अंगणात खेळू द्या, दही-ताक, डाळी, भाज्या द्या. पण..."

आणि खिडकीतून मला मेडशीवरून जाणारी अकोला गाडी फलाटाला लागलेली दिसली. ती चुकली की पुढची दोन तासांनी. मी डबा उचलला, नमस्कार केला आणि पळाले. मला पाहिजे होतं तेवढं मिळालं होतं.

* * *

आता माझ्या हातात डॉक्टरचं वाक्य होतं. अर्धंच, पण ते कुणाला माहीत?

पंधरा दिवस ओसरीत दुसरा विषय नव्हता. प्रांजलीला मी नको नको ते ऐकवलं. तू ऑपरेशन करून घेतलं, तू धूत बसली, तुझ्यामुळं लेकराची शिकवणी बुडाली. ती सांभाराच्या जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली, लागत होतं त्यापेक्षा जास्त.

शांताला मात्र फार आनंद झाला. तिच्या मुलानं, कैलासनं लहानपणी गोठ्यात बसून माती खाल्ली, ते तिचं अज्ञान नव्हतं, शिक्षण होतं, हे तिला नव्यानं कळलं. पंपावर तिचा आधीपासूनच राग. पंपाची सवय लागते, छाती आळशी होते, असं ती रोज म्हणायची, आणि मी मान हलवायचे.

एक दिवस तिनंच घोटाळा केला. म्हणाली, "बाई, एक समजत नाई. माहा कैलास गोठ्यात वाढला. मंग तुरीले फूल आलं का तो शिंका देऊन देऊन बेजार काहून होते? त्याले कोन्या जंतूनं शिकवलं नाई?"

 मी तिला म्हटलं, जुडी सैल बांधली तू, पुन्हा बांध.

* * *

इथून पुढचं लिहायला मला वहीची तीन पानं फाडावी लागली.

मी ठरवलं, परीच्या पोटातली वस्ती मी पुन्हा वसवणार. रोज सकाळी तिला वाटीभर ताक द्यायचे, गोठ्यात न्यायचे, वासराला हात लावू द्यायचे. पोरगी खूश होती. खोकला आला की मात्र प्रांजली खुंटीवरून निळा पंप काढायची, आणि मला वाटायचं, मी एका बाजूनं बांधतेय आणि ही दुसऱ्या बाजूनं पाडतेय. आठ दिवस हा पंप मिळाला नाही तर काय होतं ते पाहू, असं माझ्या मनानं घेतलं. मोबाईलवरचं मी तसंच गिळत नाही ना. मला पाहायचं होतं.

निळा पंप मी खुंटीवरच्या पिशवीतून काढला आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात, विरजणाच्या बरणीमागं ठेवला. रोजचा पंप चालू होता, परीला खोकला नव्हता, म्हणून पाच दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी वहीत रोज लिहीत होते: आज ठीक. आज ठीक.

परी माझी सहावी वाटी झाली होती.

सहाव्या दिवशी घरामागच्या खळ्यावर सोयाबीनचं थ्रेशर आलं. कुटाराची, म्हणजे भुशाची धूळ घरावरून वाहत होती. परी थ्रेशर पाहायला गेली. जाऊ दे म्हणून मीच सांगितलं होतं. मी दार लावून ताक घुसळत होते, त्यामुळं बाहेरचं काही ऐकू आलं नाही. गजानननं येऊन खुंटीवरची पिशवी उलटी केली होती, सगळी ओसरी उचकली होती, आणि मग तो दार ढकलून आत आला. त्याच्या डोक्यावर, भुवयांवर कुटार. "आई, निळा पंप कुठी हाय?"

मी डब्यावर चढले. माझे गुडघे मला चढू देत नाहीत, तरी चढले. बरणीमागून पंप काढला आणि त्याच्या हातात दिला. तो वळून पळता पळता म्हणाला, "सापडला कुठी?"

त्यानं बरणी पाहिली नव्हती, त्याचं लक्ष दाराकडं होतं. मी म्हटलं, "शांतीच्या पोत्याखाली व्हता. म्या आत आणून ठेवला."

तेच नाव तोंडात का आलं ते मला माहीत नाही, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. माहीत आहे. पंपाला नावं ठेवणारी तीच होती. खोटं बसवायला जागा तयार होती.

खळ्यावर पोहोचले तेव्हा परी प्रांजलीच्या मांडीवर होती. खांदे कानापर्यंत वर येत होते, गळ्याखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. तिला "आजी" म्हणायचं होतं. ती दोन अक्षरंही तिला एका श्वासात जमली नाहीत. पंपाचे फवारे गेले, मग हळूहळू खांदे खाली आले. तशीच तिला मालेगावला दवाखान्यात नेली, आणि दुसऱ्या दिवशी वाशीमला.

* * *

वाशीमला मीही गेले. मला कुणी चल म्हटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी परीला तपासलं आणि माझ्याकडं वळल्या. "आजी, तुम्ही त्या दिवशी 'पण' वर उठून गेलात. आज बस गेली तरी बसा."

मी बसले.

त्या म्हणाल्या, ती शिकवणी पहिल्या दोन-तीन वर्षांतली. त्यानंतर ताक पाजून दमा जातो, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. ताक द्या, चांगलंच आहे. नळी आवळली की ती उघडतो तो पंप, आणि लहान मुलांना त्याची काही सवय लागत नाही. ज्या ॲन्टिबायोटिकला मी शिव्या देत होते, न्यूमोनियात परी त्याच्यामुळंच वाचली. वाईट आहे ते उगाच दिलेलं, उरलेल्या बाटलीतलं. ऑपरेशनही हिचा जीव वाचवायलाच केलेलं होतं. आणि दमा कुणा एकाच्या चुकीनं होत नाही, त्याला दहा वाटा असतात. हे शेवटचं त्या प्रांजलीकडं बघून म्हणाल्या. प्रांजलीनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. ते तिला पंधरा दिवसांपूर्वीच ऐकायला मिळालं असतं, मी गाडी सोडली असती तर.

मग डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या वाट्या लावल्या, पंपाची नाही लावली?"

मी पदर सारखा केला. परी म्हणाली, "लावली होती. पाचवी. ती शांताआजीनं खाल्ली."

"मग? लागलं होतं का दही?"

"लागलं व्हतं," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठी लिहायला लागल्या.

येताना बसमध्ये प्रांजली माझ्या शेजारीच बसली होती. मेडशीपर्यंत तासभर होता. सांगायला तासभर पुरला असता. मी खिडकीबाहेर तुरी मोजल्या.

* * *

तर, दुसऱ्या दिवशीची ती दुपार. शांताची पिशवी ओसरीवर उलटी पडलेली, वाळकं लिंबू घरंगळत माझ्या पायाशी आलेलं.

प्रांजली म्हणाली, काकूंना पंप आवडत नव्हता हे सगळ्यांना माहीत आहे, रोज ऐकलंय. शांता म्हणाली, तोंडानं बोलली असंन, हातानं नाही केलं. प्रांजली म्हणाली, मग पोत्याखाली कुणी ठेवला, देवानं? शांतानं आपलं पोतं झटकलं, गुंडाळलं आणि काखेत मारलं. तीस वर्षं ते पोतं त्याच खांबाला लागून अंथरलेलं असायचं. खाली फरशीचा रंगही वेगळा पडलाय.

"उद्यापासून माह्या जुड्या माह्या घरी," ती म्हणाली. "अन् इरजण मागाले कोनी येऊ नका."

जाता जाता ती दारात थांबली, परीपुढं. वाकली. "ह्या लेकराच्या डोक्शावर हात ठेवून सांगतो, म्या पंपाले हात नाई लावला." आणि तिनं हात पुढं केला.

प्रांजलीनं परीला खसकन मागं ओढलं. "तिला हात लावू नका."

शांताचा हात तसाच हवेत राहिला. म्हशीची धार काढून काढून वाकडी झालेली बोटं, त्यात मेथीचा हिरवा रंग बसलेला. याच हातांनी तिनं परीला पहिल्या महिन्यात रोज न्हाऊ घातलं होतं. प्रांजलीचे टाके ओले होते आणि माझे गुडघे खाली बसू देत नव्हते. परी एकदा त्या हाताकडं बघत होती, एकदा आईकडं.  घरामागं थ्रेशर बंद होतं.

मी सुतळीची गाठ मारली, जुडी टोपल्यात ठेवली आणि म्हटलं, "शांते, ठेव हात तिच्या डोक्शावर, पंप म्या लपवला व्हता, इरजणाच्या बरणीमागं, अन् तुह्या पोत्याचं म्या खोटं सांगतलं."